काना काढा, मात्रा द्या

माझं अक्षर चांगलं आहे. त्या अक्षरावर मला नोकरी लागली आणि त्याच अक्षरात मी एका माणसाचं नुकसान केलं. हे वाक्य लिहायला अकरा वर्षं गेली, म्हणून ते आधी लिहून टाकतो. नाहीतर माझ्या सवयीप्रमाणे मी इकडचं तिकडचं दोन पानं लिहीन आणि मुद्द्याशी येणारच नाही.

हिंगणा रस्त्याकडच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी टाइम ऑफिसात होतो. हजेरी, रजा, गेटपास माझ्याकडे. कुणाला लागलं तर अपघाताचं रजिस्टरही माझ्याकडे. लहानमोठे सगळे मला बाबूजी म्हणत.

कामगाराला लागलं की माझी दोन कामं असत. पहिलं, प्रथमोपचाराची पेटी उघडणं. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये, कारण पेटी उघडी ठेवली तर कापूस आणि पट्ट्या लोक घरी नेतात असं मॅनेजर साहेबांचं म्हणणं. दुसरं, माणूस बोलण्याइतपत सावरला की त्याचं बयान लिहून घेणं. तो सांगायचा आपल्या बोलीत, मी लिहायचो शुद्ध मराठीत. त्या शुद्ध करण्यातच सगळी गोम होती.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या आधीच्या बाबूंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "हे लोक सांगतात, मशीननं बोट घेतलं, पट्ट्यानं हात ओढला. तसं लिहायचं नाही. मशीन निर्जीव आहे. निर्जीव वस्तू कर्ता कशी होईल? व्याकरण पाळा. लिहा, कामगाराने चालू मशीनमध्ये हात घातला."

मला ते पटलं. दार लागतं, घड्याळ मागे पडतं, गाडी चुकते, फ्यूज उडतो. निर्जीव वस्तू मराठीत दिवसभर काही ना काही करतच असतात, हे तेव्हा मला सुचलं नाही. की सुचलं होतं आणि मी ते बाजूला सारलं? आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

आमच्याकडे कागदाला गम लावायची एक मशीन होती. दोन रोलर एकमेकांना चिकटून आत फिरतात, त्यांच्यामधून कागद जातो आणि त्याला खळ लागते. खळ सुकली की रोलरवर पापुद्रा धरतो, म्हणून तासाभराने ओल्या फडक्यानं पुसावं लागतं. मशीन बंद करून पुसलं तर तेवढ्यात उरलेली खळ सुकते आणि पुन्हा सगळं धुवावं लागतं. म्हणून ते चालू मशीनवरच पुसायचे. तशी कोणी लेखी ऑर्डर दिली नव्हती, पण मशीन बंद दिसली की साहेबांचा आवाज यायचा. रोलरसमोर मुळात लोखंडी जाळीचं झाकण होतं. पुसताना ते आड येतं म्हणून एक दिवस काढलं आणि टाइम ऑफिसच्या मागे भंगारात टाकलं. आमचा चौकीदार ऊन तापायला लागलं की त्या जाळीवर मूगवड्या वाळत घालायचा.

अकरा वर्षांपूर्वी ह्या मशीनवर कन्हान गावाकडून येणारा एक ऑपरेटर होता. तिशीतला, दहावी झालेला, कामात चलाख. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं रोलरमध्ये गेली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मी त्याच्या खाटेशेजारी रजिस्टर घेऊन बसलो. तो म्हणाला, "मी पुसून राहिलो होतो बाबूजी. फडकं गुतलं आन् मशीननं हात घेतला."

मी लिहिलं, 'कामगाराने स्वतःच्या निष्काळजीपणामुळे चालू मशीनमध्ये हात घातला.'

वाचून दाखवलं नाही. उजवा हात पट्ट्यांत होता, म्हणून त्या दहावी शिकलेल्या माणसाचा डावा अंगठा मी शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. महिन्याभरात त्या वाक्याच्या जोरावर त्याच्यावर आरोपपत्र निघालं. चौकशी हवी की राजीनामा, असं साहेबांनी त्याला विचारलं. त्यानं राजीनामा दिला. आणि जाळी भंगारातच राहिली, कारण कागदावर मशीनचा काही दोष नव्हताच.

हे मी घरी सांगितलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत कुणाकडे लग्न असलं की पत्रिकांवरची नावं लिहायला माझ्याकडे गठ्ठे येतात. बायको चहा ठेवते आणि आलेल्यांना सांगते, "ह्यांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं." मी मान खाली घालून लिहीत राहतो. लोकांना वाटतं, किती नम्र माणूस आहे.

यंदा होळीच्या आधी त्याच मशीनवर दुसरा हात गेला.

ह्या वेळी एक बाई होती. चाळिशीची, बेसा गावाच्या पलीकडून स्कूटीनं येणारी, सहा वर्षं त्या मशीनवर काम केलेली. कारखान्यात तिची ख्याती एकाच गोष्टीची होती, की ती वाचल्याशिवाय कशावरही सही करत नसे. गेटपासही वाचायची, मागची बाजू उलटून. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "बाई, मागे कोरं आहे." तर म्हणाली, "कोरं हाय हे बी पाहाच लागते न जी. आमच्या घरी पोरगी चालाले लागली का पह्यलं हेच शिकवतात."

चहाची वेळ होत आली होती. शेडमधून ओरडा ऐकू आला आणि मी किल्ली घेऊन धावलो. धावताना किल्ली हातातून पडली, ती शोधण्यात काही क्षण गेले. ते क्षण मी विसरू शकत नाही. पोचलो तेव्हा मशीन कुणीतरी बंद केली होती, पण बाईचा उजवा हात बोटांपासून तळव्यापर्यंत दोन रोलरमध्ये अडकलेला. भोवती दहा-बारा जण, आणि सगळे एकदम बोलत होते. साहेब ओरडत होते, "उलटी घुमाव! अबे, रोलर उलटी घुमाव!"

सगळ्यांच्या वर त्या बाईचा आवाज चढला. "उलटं नोका फिरवू! हाताची सालटी निघन. वरचा बोल्ट ढिला करा. सतराचा पाना आणा, सतराचा!"

पाना आला. शेजारच्या मशीनचा ऑपरेटर घाईघाईनं लावायला गेला, पाना बोल्टवर बसेना. ती दात आवळून म्हणाली, "भाऊ, घाई नोको करू. माझा हात कुठं पळून नाही जाऊन राह्यला."

बोल्ट सैल झाला, वरचा रोलर उचलला गेला आणि हात बाहेर आला. खळ आणि रक्त एक झालं होतं. मी पेटी उघडली. आत एक गॉजची गुंडाळी, मुदत संपलेलं मलम आणि कात्रीचं रिकामं पाकीट. गॉज हातावर धरलं, ते लगेच भिजलं. शेवटी एका कामगार बाईने डब्याचं धुतलेलं फडकं दिलं, ते गुंडाळलं. हात वर धरून ठेवा, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून साहेबांच्या गाडीत मी तिचं कोपर दोन्ही हातांनी उचलून धरून बसलो. वाटेत तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बाबूजी, तुमी काहून रडून राह्यले? हात तं माझा हाय."

डॉक्टरांनी तर्जनीचं टोक काढलं, मधलं बोट शिवून वाचवलं, बाकीचा हात बचावला. सहा आठवडे काम नाही, असं लिहून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून तेच सांगितलं जे ते नेहमी सांगत.

"कल सुबह गाडी पाठव. खुर्चीवर बसू दे तिले."

ही खुर्ची आमच्या कारखान्याची खास रीत होती. अपघातानंतर माणूस अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही, तर सरकारी कार्यालयाला लेखी कळवावं लागतं. म्हणून तो येऊ शकला असं दाखवायचं. गाडी पाठवून प्लास्टरसकट त्याला आणायचं, हजेरीच्या यंत्रावर बोट लावून घ्यायचं आणि टाइम ऑफिसात माझ्या समोरच्या खुर्चीवर दिवसभर बसवायचं. चहा, बिस्किटं, जेवण कंपनीचं. त्या खुर्चीवर मी मोडलेले पाय पाहिलेत, भाजलेले खांदे पाहिलेत. एकाला उन्हाळी लागलेली आणि पाय प्लास्टरमध्ये. दर अर्ध्या तासाने मी आणि चौकीदार त्याला उचलून मुतारीत न्यायचो. रजिस्टरात तो हजर होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई गाडीतून उतरली. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात पर्स. ती आली ते बयान द्यायचं आहे ह्या समजुतीनं. खरं तर बयान तयार होतं. मी ते आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवलं होतं. हात आपोआप चालला होता, तेच वाक्य, तेच वळण.

ती खुर्चीवर बसली. मी रजिस्टर तिच्यासमोर सरकवलं आणि शाईचा पॅड उघडला.

"अंगठा कशाले? डाव्या हातानं सही येते मले. वाकडी येईन, पण येईन. आधी वाचून दाखवा."

"तेच आहे, नेहमीचं."

"नेहमीचं? माझा हात का रोज जाते का जी?"

मी वाचायला लागलो. नाव, हुद्दा, वेळ, जागा. मग ते वाक्य आलं. तिनं मला तिथंच थांबवलं.

"काय घातला?"

"हात."

"कोनं?"

"तुम्ही."

"मी हात घातला? बाबूजी, ते काय बांगड्याचं दुकान हाय, हात घालाले?" ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "मी पुसून राह्यली होती. मशीन बंद करू देत नाही म्हनून चालूवर पुसून राह्यली होती. फडकं गुतलं आन् मशीननं हात घेतला. घेतला लिहा."

अकरा वर्षांपूर्वीचे शब्द. तेच फडकं, तेच गुंतणं. माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "बाई, मशीन निर्जीव असते. व्याकरणात ते बसत नाही."

तिनं गळ्यातला हात थोडा उचलून माझ्या टेबलावर ठेवला. पट्टीच्या टोकाला पिवळं-तांबडं ओघळलं होतं.

"निर्जीव हाय? मंग हे कोनं केलं, भुतानं?"

ती वाकली, डाव्या हातानं रजिस्टर स्वतःकडे फिरवलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. शाळेतल्या पोराची वही तपासावी तशी म्हणाली, "जास्त काही करा नाही लागत. काना काढा, मात्रा द्या. घ तं तुमचा बराबरच हाय."

मी शब्दाकडे पाहिलं. खरंच तेवढंच होतं. घातला, घेतला. माझ्या सुंदर, उभ्या, डौलदार कान्यापायी एका माणसाची नोकरी गेली होती आणि जाळीवर अकरा उन्हाळे मूगवड्या वाळल्या होत्या.

"तुमाले बरं नाही का?" तिनं विचारलं. माझा चेहरा तसा झाला असणार.

"बरं आहे," मी म्हणालो. "आत्ताच व्हायला लागलंय."

मी त्या पानावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, आणि नवं पान घेतलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, तिच्याच शब्दांत. पहिल्यांदा शुद्ध केलं नाही. 'मी पुसून राहिली होती.' लिहिताना हात अडखळला, पण शब्द तसाच ठेवला. मशीननं हात घेतला.

"जाळी नव्हती, ते लिहिलं?"

लिहिलं.

"बंद करून पुसू देत नाही, ते?"

तेही लिहिलं.

"आन् पेटीत काही नव्हतं?"

हेही लिहिलं. मग मी आपणहून लिहिलं, 'पेटीला कुलूप होते व किल्ली माझ्याकडे होती. पेटी भरलेली आहे की नाही हे मी पाहिले नव्हते.' तिनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं. डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, तीन मिनिटं लावून सही केली. वाकडी आली, पण पूर्ण आली. आडनावासकट.

"आता बोट लावू का मशीनवर? हजेरीचं?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही आज गैरहजर आहात. घरी जा. डॉक्टरांनी सांगितलं तेवढे सहा आठवडे ह्या गेटमधून आत यायचं नाही."

तिला क्षणभर कळेना. मग कळलं. उठताना म्हणाली, "बिस्किटं तं खाऊ द्या, एवढ्या दूर आणलं." बिस्किटांचा पुडा पर्समध्ये टाकून ती गाडीत बसली.

दुपारी साहेब आले. खुर्ची रिकामी पाहिली, रजिस्टर पाहिलं. वाचता वाचता त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली.

"ये क्या है, बाबू? पुसून राहिली होती? हे बयान हाय का पानठेल्यावरच्या गप्पा?"

"बयान आहे, साहेब. तिचं आहे."

"फाड हे पान."

"पानांवर नंबर आहेत."

त्यांनी आवाज खाली आणला. ते तसा आवाज काढतात तेव्हा माणूस घाबरतो. मीही वीस वर्षं घाबरलो आहे. "रिटायर व्हाले किती वर्षं राह्यले तुले?"

"सहा."

"सहा वर्षं शांततेत काहून नाही काढत?"

"आतापर्यंतची सगळी शांततेतच काढली, साहेब," मी म्हणालो. "त्याचंच तर झालंय."

मी अपघाताची सूचना टाइप करून त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवली. त्यांनी ती सरकवून दिली. मग मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज ठेवला. त्यावर मात्र त्यांनी सही केली, बहुतेक सवयीनं. मी सूचनेची प्रत घेतली, बाईच्या बयानाची घेतली, आणि माझ्या स्वतःच्या नावानं दोन पानांचा अर्ज लिहिला. त्यात खुर्चीबद्दल लिहिलं. आणि अकरा वर्षांपूर्वीच्या बयानाबद्दल लिहिलं: 'जखमी कामगाराने "घेतला" असे सांगितले होते. "घातला" व "निष्काळजीपणामुळे" हे शब्द माझे आहेत. त्यास ते वाचून दाखविले नव्हते.' कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी ऑफिसात मी स्वतः गेलो. खिडकीवरच्या माणसानं अर्ज चाळला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्ही तुमच्याच विरुद्ध देऊन राहिलेत, माहीत आहे न?"

"माहीत आहे."

"मग तीन प्रती लागतील."

शेजारच्या दुकानातून तीन प्रती काढल्या. त्यानं शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज मला इतका आवडला, की मी उगाच विचारलं, तिसऱ्या प्रतीवर पण मारता का? त्यानं मारला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "कन्हानला गेले होते का कधी?" मी नाही म्हटलं. "मग अर्धंच केलं," ती म्हणाली आणि निवडलेली भाजी उचलून आत गेली.

रविवारी कन्हानला गेलो. तो माणूस आता एका वजनकाट्यावर बसतो, ट्रकांच्या पावत्या फाडून देतो. डाव्या हातानं लिहायला शिकला होता. मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी चहाला हात न लावता सगळं सांगून टाकलं. रडायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तेवढं जमलं.

तो पावतीपुस्तकाच्या कडा जुळवत राहिला. मग म्हणाला, "तुमचं अक्षर लय सुंदर होतं बाबूजी. खाटेवरून दिसत होतं मले. मी मनलं, एवढ्या चांगल्या अक्षरात माणूस खोटं कायले लिहीन."

मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या त्यानं नंतर दिल्या, भरपूर. ट्रकवाले थांबून ऐकायला लागले. मी ऐकून घेतल्या, कारण त्या माझ्याच होत्या. शेवटी दमून तो म्हणाला, "तुमाले खरं सांगू? मलेही तसंच वाटाले लागलं होतं. बाप मने, तूच हात घातला असशीन. बायको मने. कागदावर बी तेच. मंग मी मनलं, घातलाच असंन. अकरा वर्षं मी सोताले बावळट समजून राह्यलो."

"तुम्ही पुसत होतात. फडकं गुंतलं," मी म्हणालो. "तुम्ही मला तसं सांगितलं होतं. मला शब्दन् शब्द आठवतो."

"फडकं," तो म्हणाला. आणि एकदम उभा राहिला. "निळं होतं फडकं! माझ्या जुन्या शर्टाचं! हो बाप्पा, फडक्यानंच ओढला!" त्यानं डाव्या हाताची मूठ टेबलावर अशी आपटली, की चहा सांडला. समोरच्या ट्रकवाल्याला ओरडून म्हणाला, "अबे, मी नोहोता घातला!" ट्रकवाल्याला काय कळणार? त्यानं हॉर्न वाजवला.

तपासणीला अधिकारी आले ते न कळवता. उंच, कमी बोलणारे. आधी माझं रजिस्टर पाहिलं, मग मशीन. साहेबांना विचारलं, "ह्याचं झाकण कुठे आहे?"

"सर, वो मेंटेनन्स में गयी है."

आमच्या चौकीदाराला वाटलं, साहेबांना हवी असेल. तो तत्परतेनं टाइम ऑफिसच्या मागे गेला आणि जाळी डोक्यावर घेऊन आला. वड्या काढायला त्याला वेळ मिळाला नव्हता. सगळं शेड बघत होतं. अधिकाऱ्यांनी एक वडी उचलली, पाहिली, परत ठेवली आणि लिहायला लागले. हसू दाबता दाबता एका पोरीला ठसका लागला, मग दुसऱ्या एकाला, आणि मग कुणीच दाबेना. साहेबांसमोर आमचं शेड असं हसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

नवं झाकण बसेपर्यंत मशीन चालवायची नाही, असा आदेश झाला. झाकण असं हवं, की ते उचलताच मशीन आपोआप बंद पडेल. खुर्चीची रीत लेखी बंद झाली. पेटीचं कुलूप निघालं. कन्हानच्या माणसानं सरकारी ऑफिसात जाऊन बयान दिलं, आणि दोन महिन्यांनी कंपनीला त्याच्यावरचे आरोप मागे घेत असल्याचं पत्र द्यावं लागलं. ते पत्र तो शर्टाच्या खिशात ठेवतो आणि वजनकाट्यावर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला वाचायला लावतो. वाचल्याशिवाय पावती देत नाही, असं ऐकतो.

माझी बदली गोदामात झाली. आता मी पुठ्ठ्यांचे गठ्ठे मोजतो. तिथे धूळ फार आणि लिहिणं कमी. झोप चांगली लागते.

बाई ठरलेल्या दिवशी कामावर परतली. नवं झाकण बसवणारे मिस्त्री त्याच दिवशी काम संपवत होते. पहिली चाचणी कोण घेणार, असं विचारल्यावर सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मलाही गोदामातून बोलावणं आलं. मी केसांवरची धूळ झटकत मागे उभा राहिलो.

मशीन सुरू झाली. खळ चढली, रोलर चकाकायला लागले. ती जवळ गेली. तिचा उजवा हात, आखूड झालेल्या बोटाचा, झाकणाच्या मुठीवर ठेवला तेव्हा क्षणभर तिचा खांदा आखडला. मग तिनं झाकण उचललं.

खट्. रोलर जागच्या जागी थांबले. एवढी शांतता झाली, की बाहेरच्या रस्त्यावरचा ऑटो ऐकू आला. मग शिट्ट्या, टाळ्या, कुणी पत्र्यावर हात आपटायला लागलं.

तिनं झाकण खाली केलं. मशीन पुन्हा सुरू केली. पुन्हा उचललं. खट्.

"झालं न बाई, पाह्यलं न," साहेब म्हणाले.

"एकडाव अजून."

खट्.

पोरी मोजायला लागल्या. चार, पाच. सहाव्या वेळी साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाई, माल थांबून राह्यला. बस कर न वं."

"थांबू द्या न साहेब," ती म्हणाली, झाकणाच्या मुठीवरून हात न काढता. "मलेच तं थांबवता येते आता."

आणि तिनं झाकण सातव्यांदा उचललं.